नमुन्याचा घास

सौंदड,
१० नोव्हेंबर २०२४

चि. ताराचंद यास धुरपताबाईचे अ. आ. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. धान कापून झालं, चुरणं बाकी आहे. सून मंजू घर आणि खळं दोन्हीकडे धावून राहिली आहे.

आता खरं बोलते. भाऊबीजेला तू पाटावर बसलास, मी नव्या धानाचा भात वाढायला घेतला, तर तू ताटावर हात आडवा धरलास. पोट भरलं म्हणालास. बहिणीनं वाढावं आणि भावानं नको म्हणावं, हे मी सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. रागानं मी दोन वाढण्या तुझ्या ताटात टाकल्या आणि तू मान खाली घालून खाल्ल्यास. काल भावजय चंदा मंजूशी फोनवर बोलली तेव्हा कळलं की डॉक्टरनं तुझा भातच बंद केला आहे आणि पोटाचं ऑपरेशन ठरत नाही.  मलाच विष वाढायला लावलंस की.

काऊन लपवलंस? दुखणं परक्यापासून लपवावं, थोरल्या बहिणीपासून नाही. फोन करू नको. फोनवर तू बोललास की मला तुझी राइस मिल चालल्यागत नुसती घरघर ऐकू येते. कागदावर लिही. शाळा मी पाहिली नाही, पण बाबांच्या धानाच्या पोत्यांवरची नावं लावत लावत वाचायला शिकले, तेव्हा तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षरही मला लागतं. सगळं लिही, काटछाट न करता.

लोभ आहेच, राग तेवढा वेगळा ठेवला आहे.
तुझी बाई, धुरपता


आमगाव,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चंदानं आधी वाचलं आणि मग माझ्यापुढं ठेवून भाजी चिरायला निघून गेली. म्हणजे सगळं लिहिणं आलं, समजून घे.

बेंबीपाशी हर्निया आहे. खोकललो की लिंबाएवढं वर येतं, हातानं दाबलं की आत जातं. गोंदियाचे सर्जन म्हणाले की आज आत जातं तोवर ठीक, एखाद्या दिवशी आतडं त्यात अडकलं तर काही तासांत पोट कापावं लागेल, आणि माझं एकशे आठ किलो वजन नि ही शुगर असताना घाईत भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून जानेवारीअखेर बारा किलो उतरवून या, शुगर आवरा, मग शांतपणे करू, असं त्यांनी सांगितलं. घाईत कापावं लागलं तर वाचण्याची आशा किती, हे मी विचारलं नाही. चंदानं विचारलं. 

शुगरच्या डॉक्टर नीतू मॅडम आहेत. वय आपल्या पोरीएवढं, जरब हेडमास्तरणीची. भात, पोळी, पोहे, मुर्रा, बटाटा, गूळ, केळी, इतकंच काय आपली लाखोळीची डाळसुद्धा बंद. अंडी, मासळी, कोंबडी, पनीर, पालेभाजी, वांगी चालतात. आधी रक्त तपासलं, किडनी पाहिली, आणि पहिल्याच दिवशी शुगरची एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी केली. भात सोडून जुनी गोळी तशीच घेतली तर शुगर खाली जाऊन माणूस आडवा होतो, म्हणून दर आठवड्याला खरं काय ते मला सांगायचं, अशी ताकीद दिली. आमचे दलाल मुन्नालाल, त्यांनाही शुगर. ते म्हणाले की मीपण उद्यापासून हेच करतो. त्यांना मी हात जोडले की आधी मॅडमकडे चला.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं ठणकायचं, मिलमध्ये सगळ्यांवर खेकसायचो. मॅडमनी पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते सांगितलं, मग उतरलं. तीन किलो कमी झाले आहेत. पण बाई, राइस मिलवाल्यानं भात सोडावा म्हणजे ढिवरानं पाय न भिजवता जाळं टाकावं. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या हातचं नको म्हणायची छाती नव्हती.

राग उतरला की कळव.
तुझा, ताराचंद


सौंदड,
१ डिसेंबर २०२४

चि. ताराचंद यास अ. आ. वि. वि.

राग उतरला. कंडक्टर गुड्डूच्या हाती डबा पाठवला आहे. त्यात बोडीच्या तळ्यातली मासळी तळून आहे, पिठात न घोळवता, आणि सुकवलेले झिंगे. गुड्डूनं वास घेऊन विचारलं की आजी, मामाला भात नाही तर हे कायच्या संगं खाणार. मी म्हटलं, तोंडाच्या संगं.

ताराचंद, मी विचार करून राहिली होती. आपण कोहळी, तलाव बांधणारी माणसं. तलाव केवढा भरू द्यायचा आणि सांडव्यातून किती सोडायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला लागत नाही. पण पोटाचा सांडवा तू बुजवून ठेवलास आणि मी वरून पाणी ओतत बसले. आपल्याकडं माया म्हणजे भाताची उंची. पाहुण्याच्या ताटात ढीग दिसला नाही की घर कंजूष. जावई उठला तरी मागून एक वाढणी टाकायची. तुझ्या पोटातले दहा-एक किलो तरी माझ्या हातचे असतील.

त्या नीतूला माझा नमस्कार सांग. लेकरू दुसऱ्याच्या भावासाठी एवढं जीव तोडून करतं. तिच्या आईनं तिला चांगल्या वेळी जन्माला घातलं.

खोकला येऊ देऊ नको, पोतं उचलू नको. जीव जपला तर माझ्यावर उपकार.
तुझी बाई


आमगाव,
२४ डिसेंबर २०२४

ती. बाईस सा. न. वि. वि.

मासळी संपली, डबा परत पाठवत आहे. चंदानं त्यात मेथी भरली आहे.

बाई, माझ्याच्यानं आता होत नाही. महिन्याच्या सुरुवातीला एकशे दोनवर आलो आणि तिथंच बैल बसल्यागत काटा बसला. तीन आठवडे झाले. शुगरही उलटी वर सरकली. मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं जसं पोरानं दप्तरात आंबे लपवले आहेत. काही खाता का म्हणून तीनदा विचारलं. मी देवाची शपथ घेतली. घरी येऊन मी चंदावर घसरलो, की रश्शाला दाटपणा यावा म्हणून तू बेसन, तांदळाचं पीठ घालत असशील. तिनं कढई माझ्यापुढं उपडी केली आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

परवा बेंबीपाशी दुखलं. अर्धा तास गाठ आत जाईना. मग गेली. चंदाला सांगितलं नाही, तूही सांगू नको.

त्यात धंद्याची ही गर्दी. मालावर माल येऊन राहिला आहे. सकाळी नऊपासून दलाल रांगेत. चिन्नोर, जय श्रीराम, एचएमटी, प्रत्येक वाणाची मूठ शिजवायची, वास घ्यायचा, दोन-तीन घास चावून पाहायचे, मोकळा होतो की गिच्च होतो ते बघायचं, मग भाव. काल अठरा नमुने झाले. बाबांनी शिकवलेली जीभ आहे, तिच्यावर मिल चालते, दुसऱ्या कोणावर सोडता येत नाही. दुपारच्या जेवणाला तर भूकही राहत नाही, नुसती दोन अंडी खातो. एवढं कमी खाऊनही वजन हलत नसेल तर हे माझ्या नशिबात नाही. ऑपरेशन पुढच्या दिवाळीनंतर पाहू, असं सर्जनला कळवणार आहे.

तुझा, ताराचंद


सौंदड,
२७ डिसेंबर २०२४

चि. ताराचंद यास अ. आ.

खुशाली नंतर. सर्जनला काही कळवू नको.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा मंजूकडून वाचून घेतलं, की माझंच डोकं फिरलं की काय. अरे शहाण्या, अठरा नमुने, दर नमुन्याला तीन घास. मंजूनं चोपन्न सांगितले. एवढे घास तर मी भाऊबीजेला रागानंही वाढले नसते! आणि वर लिहितोस की दुपारी भूक राहत नाही. कुठून राहील?

तू खोटं बोलला नाहीस, हे मला ठाऊक आहे. बाबाही नमुना चाखून घरी येत आणि आईला म्हणत की सकाळपासून पोटात दाणा नाही. आपल्या घरात चाखणं हे खाणं धरलंच नाही कधी. ताटात वाढलं, पाटावर बसून खाल्लं, तर तो भात. मिलच्या खुर्चीवर बसून चावलं ते काम. पण पोटाला खुर्ची आणि पाट कुठं कळतो?

आता तीन कामं कर. उद्याच्या उद्या मॅडमकडे जाऊन हे सगळं सांग, लाज सोडून. तू सांगशील त्यावर ती गोळी ठरवते, चुकीचं सांगितलं तर चुकीची गोळी पोटात जाईल. अर्धा तास गाठ अडकली होती तेही सांग. दुसरं, चंदाची माफी माग. त्या कढईत काही नव्हतं. आणि तिसरं, नमुन्याला चंदाला बसव. तिचं माहेर चिन्नोर पिकवणारं. लग्नाच्या वर्षी तिनं नुसत्या वासावरून सांगितलं होतं की आमच्या कोठीतलं धान भिजलेलं आहे, आणि आपण सगळे हसलो होतो. धान खरंच भिजलेलं निघालं. तेव्हा कोणी तिला शाबास म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

गाठ अडकल्याची गोष्ट चंदाला सांगू नको म्हणालास. मी हे पत्र तिच्याच नावानं टाकत आहे. रागाव माझ्यावर, पण जिवंत राहून रागाव.

तुझी बाई


आमगाव,
३१ जानेवारी २०२५

ती. बाईस शतशः नमस्कार, वि. वि.

रागावलो नाही. चंदा मात्र रडली, मग दोन दिवस कडाडली, मग मॅडमकडे माझ्या आधी जाऊन बसली. मॅडम हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या की पेशंटला मी घरी काय खाता, बाहेर काय खाता हे विचारते; कामावर काय चाखता हे आजपासून विचारीन.

आधी मी चावून थुंकून पाहिलं. जमेना, जीभ आवंढा गिळून मोकळी. मग चंदाला खुर्ची दिली. पहिल्या दिवशी मुन्नालाल म्हणाले की आता राइस मिल का किचन झाला काय. चंदानं त्यांच्याच मालाचा घास घेतला आणि सांगितलं की नव्या चिन्नोरमध्ये मागच्या वर्षीचा तांदूळ मिसळला आहे, चार आणे तरी. पोतं ओतलं तर तसंच. मुन्नालालांनी कान पकडले, आणि आता तेच बाकीच्यांना सांगतात की भाभीजी बसल्या असतील तरच माल काढा. तीस वर्षं माझ्या जिभेचा मी तोरा मिरवला बाई, आणि माझ्याहून बारीक जीभ घरात मुकाट भाजी चिरत होती.

परवा काट्यावर उभा राहिलो. शहाण्णव किलो चारशे ग्रॅम. शुगर आटोक्यात. सर्जन म्हणाले की चारशे ग्रॅम तुमच्या मिशीचे धरू. सहा तारखेला ऑपरेशन आहे. भीती वाटते, लपवत नाही. तू ओळ पकडली नसतीस तर मी दिवाळीची वाट बघत गाठ घेऊन बसलो असतो. हे उपकार फेडायचे नाहीत, अंगावर वागवायचे आहेत.

नागऱ्याच्या महादेवाला माझ्या वतीनं हात जोड.
तुझा, ताराचंद


आमगाव,
९ फेब्रुवारी २०२५

मोठ्या बाईस चंदाचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जन म्हणाले, आतडं तोंडाशीच येऊन बसलं होतं, वेळेवर आले. शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं विचारलं की आज किती नमुने झाले. मी म्हटलं, मिल बंद ठेवून इथं बसली आहे मी, चूप राहा. मग हसले आणि टाके दुखले म्हणून कण्हले.

बाई, मी लिहिणारी नाही. तुमचं पत्र माझ्या नावानं आलं, तसं या घरात आधी काही माझ्या नावानं आलं नव्हतं. ते जपून ठेवलं आहे. माया राहू द्या.

तुमची, चंदा


सौंदड,
२१ एप्रिल २०२५

सौ. चंदा हिस धुरपताबाईचे अ. आ. वि. वि.

शनिवारी ताराचंद एकटाच येऊन गेला, तुला सगळं त्यानं सांगितलं असेलच, पण तो सांगणार नाही असं एक आहे म्हणून लिहिते.

नीतूनं आता दुपारी एक वाटी भात देऊन पाहिला आहे, तेवढा मी मोजून वाढला, वर एक शीत नाही. वजन त्र्याण्णव म्हणाला. तो आला तेव्हा मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. त्यानं चपला काढल्या आणि वाकला. पूर्ण वाकला गं. दोन्ही हात माझ्या पायांवर आणि कपाळही. गेली नऊ वर्षं पोटामुळं त्याचा हात माझ्या गुडघ्याच्या खाली जात नव्हता. तो उभ्याउभ्या वाकल्यासारखं करायचा, मी पाहून न पाहिल्यागत अर्ध्यातच त्याच्या डोक्यावर हात ठेवायची, की त्याला लाज वाटू नये. आम्ही दोघांनी कधी ते बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी त्याचं डोकं माझ्या पायांवर आणि माझ्या ओंजळीत मोहफुलं तशीच. तो उठला, हात धुतले, जेवायला बसला, तरी मी फुलं हातात धरून उभी. मंजू म्हणते, आत्याबाई, आशीर्वाद द्यायचा राहिला.

म्हणून तो तुझ्या नावानं पाठवते. त्याला दे, पण निम्मा स्वतःकडे ठेवून दे.

दोघांची,
धुरपताबाई