टिल्लूचं दुखणं

मंगळवार, दि. ९

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच इतकी घाबरले आहे की कुठल्या तोंडाने लिहू? तुझ्या भाच्याचं, टिल्लूचं, काल ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलं होतं. दोन दिवस पोरगं पोट धरून निमूट बसायचं आणि विचारलं की तू शिकवलेली सलामी ठोकून सांगायचं, काही नाही झालं! पडला-झडला की तुम्हा मामा-भाच्यांचा तो खेळ. आम्हीही कौतुकाने हसायचो.

आता ताप पुन्हा चढतोय. आत पू धरतोय का ते कळायला, कुठे दुखतं ते त्यानेच सांगायला हवं, असं डॉक्टरबाई म्हणतात. हा त्यांनाही सलामी ठोकतो. मी विनवण्या केल्या तर म्हणतो, रडणं मुलींचं काम, मामा कधी रडत नाही. मी पडले बाई, माझं कोण ऐकतो! पाच वर्षांचं पोर रे, दादा!

खाणीवर फोन लागत नाही, म्हणून हे ट्रकवाल्याच्या हाती देते. लोभ आहेच, आज तू हवा आहेस.

तुझी,
बाळी

मंगळवार, संध्याकाळ

चि. बाळीस अ. उ. आ.

वाचून लगेच निघणार होतो. पण खडकातल्या भोकांत दारू भरून झाली आहे. भरलेले सुरुंग सोडून सुरुंगवाल्याला हलता येत नाही. उद्या बार उडाला की निघतो. तोवर खालचं टिल्लूला वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस, माझी लाज राखायला तर मुळीच नको.

चि. टिल्लूस गोड पापा.

मामा रडत नाही, हे साफ खोटं. दगडाखाली अंगठा चेचला तेव्हा मी सगळ्या खाणीसमोर भोकाड पसरलं. म्हणून तर लोक धावले आणि बोट वाचलं. वात पेटवताना रोज माझे पाय लटपटतात. आत्ताही रडतोय. दुखतंय ते डॉक्टरबाईंना सांग, राजा. सलामी बंद.

तुझा भित्रा
मामा

बुधवार, दि. १०

ती. दादास सा. न.

टिल्लूने तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मामा खरंच सगळ्यांदेखत रडला का, असं विचारलं. हो म्हटलं. मग डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्याने बेंबीखाली बोट ठेवलं.

पू काढायला त्याला पुन्हा आत नेलं आहे. जाताना दुखतंय, दुखतंय म्हणून असा गळा काढला की शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. मला मात्र तो आवाज थांबू नये असं वाटत होतं.

मग दार लागलं. आता काहीच ऐकू येत नाही. तू लवकर ये, आमच्यावर लोभ असू दे.

तुझी,
बाळी