अठरा इंचांना पाव इंच कमी

गेल्या शनिवारी संध्याकाळी एलोडी शेरामीने माझ्या बंदुकीच्या नळीत एक लाकडी दांडी सोडली, नळीच्या तोंडाशी दांडीवर अंगठ्याचं नख रोवलं, दांडी बाहेर काढून टेपला लावली, आणि त्या नखापाशी माझं सगळं बदललं. पुढे जे लिहिलं आहे ते त्या नखानंतरच्या माणसाने लिहिलेलं आहे.

मी, जूल्स ओझेम पीट्र, वय वर्षे बावीस, राहणार बायू लाफूर्श, लुइझियाना, काम कोळंबीच्या बोटीवर पडेल ते, शिक्षण इंजिनिअरिंग कॉलेजची दीड वर्षे, लग्न झालेले नाही आणि होण्याचे चिन्हही नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कॉफीखेरीज काही न पिता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट नॉरिसकाका मघापासून "ते राहू दे, भात निवतोय" म्हणून कानाशी भुणभुण करतो आहे. मला मरायचं नाही, हेही नोंदवून ठेवतो. उद्या पहाटे आखाताबाहेर निघणाऱ्या बोटीवर मी नाव घातलं आहे, आणि आमच्या घरातला माणूस समुद्रावर जाताना स्वयंपाकघरातल्या मेरीमातेच्या तसबिरीमागे असा कागद ठेवून जातो. माझ्या वडिलांनी ठेवला होता. तो आम्हाला उघडावा लागला.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा मी माझे काका नॉरिस पीट्र यांना देतो. आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. छप्पर मागच्या वादळापासून स्वयंपाकघरावर गळतं, त्याची तक्रार त्यांनी यापुढे माझ्याकडे करू नये.

२. बँकेत जे काही शिल्लक निघेल त्यातून माझ्या नावाने एक प्रार्थना करावी आणि उरलेल्यात सगळ्यांना कोळंबीचं दाट कालवण, म्हणजे गंबो, खाऊ घालावं. गंबोत टोमॅटो घालणाऱ्या कोणाही नातेवाइकाला भांड्याजवळ फिरकू देऊ नये. काळं लोखंडी भांडं काकाकडेच राहील. ते साबणाने घासू नये. मागच्या वेळी कोणी घासलं ते मला माहीत आहे.

३. पिरोग ही अरुंद होडी आणि आजोबांनी सायप्रसच्या लाकडातून कोरलेली, शिकारीत खऱ्या बदकांना भुलवणारी अठ्ठावीस फसवी बदकं काकाला. फिग कुत्रीसुद्धा काकालाच. तिला मेघगर्जना सोसत नाही, तेव्हा तिला पलंगाखाली जाऊ द्यावं आणि ओढून काढू नये.

४. कर्टिस शेरामी, बंदूक दुरुस्तीवाले, एलोडीचे वडील, यांना मी काहीही देत नाही. चुकून राहून गेलं असं कोणी समजू नये, म्हणून नाव घालून लिहितो. उन्हाळ्यात त्यांच्या दुकानात मी आजोबांच्या बंदुकीची नळी कापण्याबद्दल विचारलं, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "तुला काय, अर्ध्यावर सोडायची सवयच आहे. कॉलेज अर्धं केलंस, आता बंदूकही अर्धी कर." सगळे हसले. जो माणूस हसताना पोट धरत होता त्याच्या बोटीचं इंजिन मी तीनदा फुकट दुरुस्त केलं आहे. चौथ्यांदा करणार नाही.

५. <s>माझे आजोबा ओझेम पीट्र यांची बारा बोअरची पंप बंदूक मी एलोडी शेरामी हिला देतो.</s>

वरची ओळ मीच खोडली आहे, शेजारी आद्याक्षरं घातली आहेत. का खोडली ते लिहिणं भाग आहे, कारण सगळं त्या ओळीतच अडकलेलं आहे.

आजोबांच्या बंदुकीची नळी तीस इंच लांब होती. उंचावरून जाणाऱ्या बदकांसाठी ती बरी, पण आमच्या अरुंद पिरोगमध्ये बसलं की ती काठच्या उंच वेतांत अडकते. एलोडी अंगाने लहानखुरी. मागच्या हंगामात ती बंदूक तिने दहा मिनिटं धरली आणि नळीचं तोंड खाली खाली यायला लागलं. ती म्हणाली, "ही बंदूक आहे की नाव ढकलायचा बांबू?" मी हसलो, आणि तेवढ्यावरच ठरवलं की ही बंदूक तिच्या मापाची करून तिच्या वाढदिवसाला द्यायची.

कायदा मला ठाऊक नव्हता असं मी म्हणणार नाही. अठरा इंचांहून आखूड नळी करायची तर आधी केंद्र सरकारकडे नोंदणी आणि मंजुरी लागते; ती नसताना केली, किंवा नुसती जवळ बाळगली, तरी दहा वर्षांपर्यंत तुरुंग. हे मी वाचलं होतं. म्हणून मी बरोबर अठरावर खूण केली. वीसवर करता आली असती. तिच्यासाठी ती पुरेशी हलकी झाली असती, आणि करवत चुकली तरी जागा राहिली असती. पण मी असा आहे की काठ दिसला की काठावरच उभा राहतो.

करवत तिरकी गेली. नळीचं तोंड तिरकं राहिलं की छर्रे एका अंगाला जातात, म्हणून मी कानस घेतली आणि तोंड सपाट होईपर्यंत घासत बसलो. कानस लोखंड खाते. किती खाल्लं ते मी मोजलं नाही, मी शिट्टी वाजवत होतो.

कायदा बाजूला ठेवला तरी मी एक चांगली बंदूक बिघडवली, हेही इथे लिहितो. तोंडाजवळच्या शेवटच्या काही इंचांत नळी आतून किंचित आवळलेली असते. तो भाग गेला की छर्रे लवकर पसरतात, आणि लांबचं बदक मरत नाही, नुसतं जखमी होऊन वेतांत शिरतं. असं करणाऱ्या शिकाऱ्याला आजोबा पायरीवरूनच परत पाठवत. ज्यावरून नेम धरायचा तो पितळी मणीही कापलेल्या तुकड्यासोबत गेला.

शनिवारी, तिच्या वाढदिवशी, त्यांचं दुकान बंद झाल्यावर तिथेच मी तिला लाल फीत बांधून बंदूक दिली. तिने खांद्याला लावून पाहिली. "हलकी झाली रे!" म्हणाली. तो आनंद मी पाहिला आहे, तो माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. मग बापाच्या दुकानात वाढलेली पोर ती, सवयीने बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, नळीमागचा बोल्ट बंद केला आणि कोपऱ्यातली दांडी उचलून नळीत सोडली.

"जूल्स, किती ठेवलीस?"

"अठरा."

"दांडी पावणेअठरा म्हणतेय."

"दांडी खोटी असेल."

"दांडी पप्पांची आहे."

"मग तर नक्कीच खोटी."

ती हसली नाही. बंदूक टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकली, टेबलावर साप पडला असावा तशी. एलोडीने वन्यजीव रक्षकाच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. दोन वर्षं ती त्यासाठी अभ्यास करते आहे, पहाटे धावते आहे. सगळ्या परीक्षा झाल्या, शेवटची मुलाखत उरली आहे. ती उद्या, गुरुवारी आहे.

"मला शपथेवर विचारणार आहेत," ती म्हणाली. "ओळखीतल्या कुणाकडे बेकायदा हत्यार आहे का? मी काय सांगू?"

मी पटकन म्हणालो, "नाही म्हण. कोण बघतंय?"

"मला वाटलं, तू मला बंदूक दिलीस," ती म्हणाली. "तू तर मला बोलायला एक खोटं दिलंस." फीत सोडून टेबलावर ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर तिने माझा एकही फोन उचललेला नाही. बंदूक मी वडिलांच्या रेनकोटांमागे कपाटात दडवली आणि रविवारी जाऊन बोटीवर नाव घातलं. रागाच्या भरात मला तोच एक उपाय सुचला. समुद्रावर असताना कोणी मला काही विचारू शकत नाही, आणि मी बुडालो तर बंदूक तिची व्हावी, तिला कळावं, असं मनात होतं.

पाचवं कलम लिहून झालं तेव्हा काका भाताची थाळी घेऊन मागे उभा होता.

"हे काय? मेल्यावर पोरीला तुरुंगात पाठवणार आहेस?"

"काका, ही तिला भेट आहे."

"गाढवा, भेट कसली? ज्याच्या हातात ती बंदूक, त्याच्या हातात बेडी. तू बुडालास तर ती तुझ्या नावाने रडेल आणि वर पोलीस तिच्या दारात. तू प्रेम करतोस का सूड उगवतोस?"

मी उठून ओरडलो. काय ओरडलो ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही. फिग पलंगाखाली गेली. काका मात्र थाळी हातात धरून तसाच उभा राहिला, आणि मला जाणवलं की दमलो आहे तो मी.

"चल, बायूच्या पाण्यात टाकून देऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "पाणी कुणाला सांगायला जात नाही."

तेही मनात येऊन गेलं होतं. दुसरी लांब नळी मागवायची, ही वितळवायची. पण मुलाखत उद्या आहे, आणि शनिवारी जे तिने पाहिलं ते पाहिलं. काकाने वकील ग्रेटा एबेर यांना फोन लावला. माझे वडील समुद्रात गेले तेव्हा भरपाईसाठी बोटीच्या मालकाशी त्याच भांडल्या होत्या. तासाभरात त्या आमच्या स्वयंपाकघरात होत्या, भात खात होत्या.

"नोंदणी आता होणार नाही का?" मी विचारलं.

"करायची ती कापण्याआधी. कापल्यानंतर कोणी करत नाही."

"आणि नाहीशी केली तर?"

"बंदूक नाहीशी होईल. पोरीने जे पाहिलं ते नाहीसं होणार नाही. शिवाय पुरावा बुडवल्याचं आणखी एक कलम लागेल. जूल्स, तिला उद्या दोनच उत्तरं देता येतील. एकाने तू जातोस, दुसऱ्याने ती जाते. तिसरं उत्तर तूच तयार करू शकतोस. ती म्हणेल, 'होती, पण त्याने आपणहून शेरिफच्या ताब्यात दिली.'"

"मग मी घेऊन जातो शेरिफच्या कचेरीत."

"खबरदार!" त्यांनी काटा थाळीवर आपटला. "ती बंदूक गाडीत टाकून रस्त्यावर निघालास तर वाटेत कोणीही थांबवेल, आणि मग 'द्यायला चाललो होतो' हे जो तो म्हणतो. बंदुकीला हात लावायचा नाही. मी बोलावते, ते येऊन नेतील."

"किती वर्षं लागतील?"

"आपणहून सांगितल्याचा विचार होतो. किती होतो त्याची हमी मी देत नाही. हमी देणारा वकील भेटला तर त्याला बदल."

म्हणून पाचवं कलम आता असं वाचावं: आजोबांची बंदूक मी कोणालाही देत नाही. कायद्याने ती देताच येत नाही. आजोबांनी मला ती देताना एवढंच म्हटलं होतं की ही तुझ्यानंतर कोणाकडे जाईल ते तू ठरव. मी ठरवण्याची जागाच करवतीने कापून टाकली. आजोबा, याहून जास्त मला लिहिता येत नाही.

६. कापलेला नळीचा तुकडा सरकारने पुराव्यासाठी नेला नाही, तर तो कर्टिस शेरामी यांना द्यावा. चौथ्या कलमातलं 'काहीही देत नाही' तेवढ्यापुरतं रद्द समजावं. त्या तुकड्याला आजोबांचा पितळी मणी आहे. त्यांनी तो एखाद्या चांगल्या, लांब नळीवर बसवावा. ते मला हसले त्याबद्दलचा राग मात्र मी मागे घेतलेला नाही. तो माझ्यासोबत राहील.

७. एलोडी शेरामी हिला मी माझा नाव ढकलायचा बांबू देतो. तो तिच्या मापाला लांब आहे. तिने तो हवा तिथे कापावा, तिरका कापला तरी चालेल. तो कितीही आखूड केला तरी कोणाला विचारावं लागत नाही. या शनिवारी बदकांचा हंगाम उघडतो आहे. तिने पिरोग काकाकडून मागून घ्यावी, काका नाही म्हणणार नाही. मी तिला उत्तर मागत नाही. उद्या ती जे उत्तर देईल ते खरं असावं, एवढीच माझी इच्छा आहे, आणि ते खरं असण्यासाठी जे करायचं ते मी आज करतो आहे.

८. बोटीच्या कप्तानाला काकाने कळवलं आहे, उद्या माझी वाट बघू नये. मी समुद्रावर जात नाही, तरी हा कागद फाडत नाही. तो तसबिरीमागेच राहावा. मी जिथे चाललो आहे तिथून परत यायला दहा वर्षं लागली तर फिग तोवर राहायची नाही. तिला घरामागे लिंबाच्या झाडाजवळ पुरावं. काकाने मात्र राहावं. ही विनंती नाही, अट आहे.

साक्षीदारांबद्दल काका आणि एबेरबाई यांचा आत्ता वाद झाला. काकाला भीती की साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, म्हणजे सही केली तर पिरोग हातची जाईल. बाई म्हणाल्या, इथे स्वतःच्या हाताने लिहून, तारीख घालून सही केलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागतच नाहीत. "मग करतो," काका म्हणाला, "पोरगा पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण करतोय, माझं नाव असू दे त्यावर." दोघेही सही करून अंगणात जाऊन उभे राहिले आहेत, फिग काकाच्या हातात आहे.

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं आहे, मला समजलं आहे, आणि खोडलेल्या ओळीसकट ते माझं आहे.

साक्षीदार: नॉरिस पीट्र, काका
साक्षीदार: ग्रेटा एबेर, वकील

(सही) जूल्स ओझेम पीट्र
बायू लाफूर्श, लुइझियाना
बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४

शेरिफची गाडी शिंपले अंथरलेल्या रस्त्यावर येऊन उभी राहिली आहे. एबेरबाईंनी सांगून ठेवलं आहे: बंदूक कपाटातच राहू दे, कोट घालू नकोस, खिशात काही ठेवू नकोस, दोन्ही हात दिसू देत. पेनसुद्धा इथेच ठेवतो. खिडकीतून रस्त्यापलीकडे आणखी एक गाडी दिसते आहे, कर्टिस शेरामींची निळी. आत कोण बसलं आहे ते काचेवरच्या उन्हाने दिसत नाही. मी बघायला थांबत नाही. कागद तसबिरीमागे सरकवतो, रिकाम्या हातांनी बाहेर जातो आणि दार ओढून घेतो.