चार्वाकाचे दहा दिवस

डोंबिवली (पूर्व)
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९८८

चि. मंजुळास,
दादाचा जय भीम आणि आशीर्वाद.

आधी तक्रार नोंदवतो. तुझे कार्ड पोचले, पण टपाल खात्याने आपला शिक्का नेमका ‘तीर्थरूप’ या शब्दावर मारला आहे. इतक्या वर्षांच्या पदावरून एका काळ्या ठशाने मला उतरवावे हे बरे नव्हे. शिवाय मजकूर तू पेन्सिलीने लिहिला आहेस. तेव्हा त्यातल्या आज्ञा खोडता येण्याजोग्या असाव्यात, अशी मी आशा करतो.

तोवर आज्ञापालन. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चार्वाक रविवारपासून गॅलरीत बांधलेला आहे. सकाळी दूध-भाकरी, दुपारी भात. पाणी पितो. लाळ नाही, झोप शांत. रोज एक कार्ड टाकत जाईन. ठाण्याला येऊ नको म्हणालीस, तर येत नाही.

अजून नीट उमजत नाही. तुझ्या केशरवहिनीला जाऊन वर्ष झाले म्हणून तुम्ही दोघे आलात, वंदना झाली, जेवणे झाली, मंडळी पांगली. आणि तीन वर्षांत कधी कुणाला दात न लावलेल्या जनावराने गोपीनाथरावांचा उजवा हात धरला. रिक्षात बसताना गोपीनाथराव म्हणाले की डॉबरमनची जातच चावरी. बाबासाहेबांच्या फोटोखाली जेवून उठलेल्या माणसाने पाच मिनिटांत जन्मावरून निवाडा दिला, याची मी फक्त नोंद घेतो. वाद घालत नाही. हात त्यांचा आहे.

त्यांना आराम पडो. माझ्यावरचा लोभही सध्या बांधून ठेवला असशील, तर त्याला अधूनमधून पाणी दाखवीत जा.

तुझा,
दादा

कोपरी, ठाणे
गुरुवार, ११ फेब्रुवारी

ती. दादास,
मंजुळाचा सविनय जय भीम.

या वेळी शाईनं लिहितेय, खोडायची सोय नाही. कार्डं मिळतात. मी ती डॉक्टरांना दाखवते, आणि डॉक्टर म्हणतात, तुमचे भाऊ कुत्र्याबद्दल लिहितात की घरच्या जावयाबद्दल?

यांचा हात कोपरापर्यंत सुजलाय. दोन बोटं वळत नाहीत. लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला उजव्या हाताची दोन बोटं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. रोज सकाळी बालवाडीत उशिरा येते म्हणून सांगून मी यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जाते. बेंबीभोवती सुई. चौदा आहेत. कुत्रं दहा दिवस धड राहिलं तर पुढच्या वाचतील. हे ओरडत नाहीत, शर्ट वर करून भिंतीकडे बघत राहतात. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता ऐक. यांचं ठरलंय. दहावा दिवस झाला की चार्वाकाला महापालिकेच्या गाडीत द्यायचं. ती गाडी कुत्री परत आणत नाही हे तुलाही ठाऊक आहे. नाही दिलंस तर आमच्या घरातून कुणी डोंबिवलीला पाऊल टाकणार नाही, मीसुद्धा नाही.

आणि जातीवरून चिमटे काढू नकोस रे. माणसानं माणसाला जन्मावरून हीन ठरवलं ते पाप होतं. पण ही कुत्री माणसानंच निवडून निवडून, चावण्यासाठीच पैदा केलीत. यात बाबासाहेबांना कशाला मधे आणतोस?

जेवतोस ना? कुत्र्याचं रोज लिहितोस, स्वतःचं एका अक्षरानं नाही.

तुझी,
मंजू

डोंबिवली
शनिवार, १३ फेब्रुवारी

चि. मंजुळास,
दादाचा जय भीम.

डॉक्टरांना सांग, जावयाबद्दल असते तर अक्षर इतके सुवाच्य नसते.

तुझा मुद्दा बिनतोड आहे. पूर्वपक्ष इतक्या मोजक्या शब्दांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने मांडलेला नाही. म्हणून काल शाळा सुटल्यावर उत्तरपक्ष शोधायला विठ्ठलवाडीला गेलो. एमआयडीसीतल्या ज्या साहेबाने बडोद्याला जाताना चार्वाक आपल्याला दिला, त्याने त्याच वेतातले दुसरे पिल्लू तिथल्या एका छापखानेवाल्याला दिले होते. सख्खा भाऊ. तोच रंग, तेच छाटलेले शेपूट. तो जन्मापासून साखळीला आहे. मालक त्याला काठीने डिवचतो, वर उपाशी ठेवतो, म्हणजे राखण चांगली होते म्हणे. मी फाटकाबाहेर उभा होतो तरी त्याने साखळी ताणून उडी घेतली. मालकाने स्वतःच्या मनगटावरचे वण मला कौतुकाने दाखवले. आपला चार्वाक केशरच्या पायाशी वाढला. तिने बोलावल्याशिवाय तो ताटाकडे बघत नसे.

तेव्हा वळण श्रेष्ठ, प्रमेय सिद्ध, असे म्हणत परत निघालो. कल्याणला गाडी बदलताना ध्यानात आले की या सिद्धतेने माझीच अडचण होते. वळण इतके चांगले, तर मग रविवारी काय झाले?

जेवतो. तो भात खातो, मी भात खातो. तो दाराकडे बघतो, मी वह्या तपासतो. परवा एका मुलाने अख्खा धडा चुकीचा उतरवला होता, त्याला मी पूर्ण गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच ते आणून दाखवले. केशर गेल्यापासून घरात बोलणे होई ते चार्वाकाशी. बांधल्यापासून तेही होत नाही. वाईट वाटते असे नाही. वाटत काहीच नाही.

गोपीनाथरावांची बोटे कशी आहेत ते सविस्तर लिही.

तुझा,
दादा

कोपरी, ठाणे
सोमवार, १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सविनय जय भीम.

सूज उतरतेय. एक बोट वळलं, दुसरं अजून नाही.

दादा, तू एवढा शिकलेला, विठ्ठलवाडीपर्यंत गेलास आणि साधी गोष्ट तुला दिसली नाही. मला तर ती जात वाईट निघालेलीच बरी. जात वाईट, तर घरातलं कुणी वाईट नाही. कुत्रं जाईल, दोन महिने तू तोंड पाडून बसशील, पण जूनमध्ये आमच्या मालूच्या लग्नाला तुम्ही दोघं एका सतरंजीवर बसाल. मला एवढंच हवंय. केशरवहिनीचा जीव होता त्याच्यावर, मला माहीत आहे. तरी म्हणते.

पण एक विचारायचं आहे. मी तेव्हा आत भांडी आवरत होते. बाहेर आले तेव्हा चावून झालेलं. तुमचं काय बोलणं चाललेलं ते हेही सांगत नाहीत, तूही लिहीत नाहीस. काल हे एवढंच म्हणाले की कुत्रं आधी गुरगुरलं, मग मागे वळून मास्तरांकडे बघितलं, आणि मग आलं. मास्तर गप्प होते, म्हणाले. मग कुशीवर वळले.

तुझ्या एका शब्दावर तो समोरचा तुकडा सोडून बसतो, अख्ख्या चाळीनं बघितलंय. मी यांना सांगितलं की दादाला धक्का बसला असणार, वाचाच गेली असणार. तसंच ना? तसं दोन ओळीत लिही. मी यांना वाचून दाखवीन.

तुझी,
मंजू

डोंबिवली
बुधवार, १७ फेब्रुवारी

चि. मंजुळास,
जय भीम.

आज दहावा दिवस. चार्वाक धडधाकट आहे, सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या. एवढे डॉक्टरांना दाखव आणि उरलेल्या सुया थांबवायचे विचार. हे आधी लिहिले, म्हणजे पुढचे न वाचता फेकलेस तरी अडणार नाही.

तू सुचवलेली सोय मी वापरून पाहिली. काल महापालिकेच्या कचेरीत जाऊन अर्ज आणला. ‘जात’ या रकान्यात डॉबरमन लिहिले. ‘कारण’ या रकान्यात स्वभावतः हिंस्र असे लिहायचे होते. तेवढे दोन शब्द लिहिले की तुझे माहेर, मालूचे लग्न, सगळे पुन्हा जागेवर येत होते. आबांनी मला शाळेत घातले तेव्हा मास्तरांनी आधी जातीचाच रकाना भरला होता आणि मला दाराजवळ बसवले होते. तो रकाना भरणाऱ्याला किती हलके वाटत असेल, ते मला या वयात कळले. लिहून झाले होते, मंजू. शाई वाळेपर्यंत मी बसून होतो. मग फाडला.

आता तुझा प्रश्न. गोपीनाथराव म्हणाले की मास्तर, वहिनीला वेळेवर मुंबईला नेलं असतंत तर आज फोटोला हार घालायची वेळ आली नसती. त्यांचा हात माझ्या तोंडासमोर होता. ते रडत होते, हेही मला आज लिहिताना आठवते आहे. चार्वाक उठला, गुरगुरला आणि त्याने वळून माझ्याकडे पाहिले. त्याला थांबवायला एक शब्द पुरतो. त्या वेळात मला चार बोलता आले असते.

माझी वाचा गेली नव्हती. धक्का बसला नव्हता. मी बोललो नाही, कारण चावू दे असे मला वाटले. गोपीनाथराव जे बोलले ते खोटे असते तर मी त्यांच्याशी भांडलो असतो.

त्याने माझे ऐकले, इतकेच. त्याच्या जातीचा दोष नाही आणि केशरच्या वळणाचाही नाही. म्हणून त्याला गाडीत देत नाही. हे पत्र गोपीनाथरावांना सबंध वाचून दाखव, मधले काही गाळू नकोस. त्यानंतर तुम्ही आला नाहीत तर मी का म्हणून विचारणार नाही. मालूला मामाचे आशीर्वाद मात्र पोचव, ते दुरूनही देता येतात.

आणखी एक लिहितो आणि थांबतो. बोट वळत नाही हे वाचले तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाट पाहिली. वाटली नाही. केशरचा फोटो पुसतानाही काही वाटत नाही. रविवारी त्या एका क्षणी मात्र वाटले होते, वर्षभरात पहिल्यांदा, आणि बरे वाटले होते. कुत्र्याची मला काळजी नाही. मला याची भीती वाटते.

तुझा,
दादा