नसलेल्या जिर्जिसचा वंश

बैरूत, ४ मे १९६८

ती. मुंतहाआत्यास नुहादचा सा. न. वि. वि.

थोरल्या काकांच्या बुलोसदादाने घराण्याचा वंशवृक्ष रंगवायला दिलाय आणि एलियास संताच्या सणाला तो देवळात लागणार, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यात बायका काढत नाहीत, म्हणून तू नाहीस. वाचून संताप आला. चौथीही मुलगीच झाली म्हणून 'आता पुरे' अशा अर्थाचं नाव तुला ठेवलं, आणि भाऊ शहरात गेल्यावर जैतुनाची शेती जन्मभर राखलीस ती तूच. तुझं नाव तिथे लागल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

दादाच्या मते मूळपुरुष अबू जिर्जिस, म्हणजे जिर्जिसचा बाप. त्याचा जिर्जिस, आणि जिर्जिसचा नसीफ, तुझे आजोबा. शनिवारी बिशपांच्या कचेरीत बाप्तिस्म्याची जुनी दप्तरं पाहिली. अबू जिर्जिस सापडला, खरं नाव मिखाईल. पण जिर्जिस नावाचा मुलगा त्याला नाहीच. मी चक्रावून गेलेय.

तुझी,
नुहाद

ऐन-तूत, १३ मे

चि. नुहादला अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, एवढी शिकलीस तरी कळलं नाही? पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं हे ठरलेलंच. म्हणून मिसरूड फुटलं की पोराला त्याच्या बापाच्या नावाने अबू म्हणायला लागतात, मुलगा होवो न होवो. आपला बुलोस पन्नाशीला आला, लग्नाचा पत्ता नाही, तरी सगळं गाव त्याला बापाच्या नावाने अबू शाहीन म्हणतं आणि तो ओ देतो.

आजोबा लहान असतानाच त्यांचा बाप गेला, अबू जिर्जिसने त्यांना नातू म्हणून वाढवले, एवढंच मी ऐकलंय. आपण परकेच निघालो तर काय, हीच भीती. तरी शोध. मुली बघ. मुलं किती विचारलं तर मुली कोणी मोजत नाही.

आत्या

बैरूत, ९ जून

ती. आत्यास सा. न.

आपण परके नाही. मिखाईलला एकच लेक, जुमुर्रुद. नवरा भाऊबंदांतलाच, घरजावई, म्हणून आडनाव बदललं नाही. तो लवकर गेला. नसीफ तिचाच मुलगा. बाप म्हातारा झाल्यावर देवळाच्या दिव्याचं जैतुनाचं तेल दरवर्षी तिच्या नावाने जमा आहे. म्हणजे शेती तीच करत होती, तुझ्यासारखी.

दादाला दप्तरांच्या नकला दाखवल्या. म्हटलं, बायका काढू नकोस, पण मग मिखाईलच्या पुढे तू कुठून आलास ते दाखव. तो म्हणाला, रंगाऱ्याचं काम झालंय. मी म्हटलं, खरवड.

नुहाद

ऐन-तूत, १८ जुलै

चि. नुहादला आशीर्वाद.

बुलोस रंगाऱ्याला घेऊन आला होता. जिर्जिस खरवडला, तिथे ठळक अक्षरांत जुमुर्रुद आली. माझ्या बहिणींनाही फांद्या मिळाल्या. मग माझ्याजवळ येऊन चाचरत म्हणाला, आत्या, तुझी फांदी पुढे जात नाही. मी म्हटलं, अबू शाहीन, तुझी तरी कुठे जाते? त्याने रंगाऱ्याला आमची नावं शेजारी शेजारी लिहायला सांगितली.

सणाला नक्की ये. लोभ आहेच, पण त्यावर माझं पोट भरत नाही, तोंड दाखव. आणि नाव वाचून मी रडले, हे त्याला कळू देऊ नकोस.

मुंतहा, जुमुर्रुदच्या घरची