दांड्याला लावलेलं तूप

बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या ती. भागीरथीआत्यास आनेकलहून सुमंतचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला नमस्कार जरा लांबला आहे, कारण तोंड वर काढायची सोय राहिलेली नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबा अजून चोरून जिलबी खातात का? मी अंगाने ठीक आहे. बाकीचं सांगतोच.

आमच्या कारखान्यात विजेच्या खांबांवरच्या पांढऱ्या इन्सुलेटरसाठी चिनी मातीचा घोळ करतात आणि मी त्याचा घट्टपणा मोजतो. (तू लोकांना 'आमचा सुमंत सायंटिस्ट आहे' म्हणून सांगतेस, ते हेच.) यंत्र असं, की भांड्यात घोळ आणि त्यात फिरणारा पोलादी दांडा. घोळ दांड्याला जितका अडवेल तितका तो घट्ट. आता खंडेनवमीला तूच बजावलंस की बाहेरून टिकली लावून देव फसत नाही, जो भाग राबतो त्यालाच कुंकू लाव, तुपात कालवून. मी लावलं. भक्ती अंमळ जास्तच झाली, सबंध दांडा माखला. सुट्टीनंतर काल कामावर आलो, फडक्याने कुंकू पुसलं, तूप तसंच राहिलं.

मग काय, घोळ दांड्याला धरेचना. दांडा नुसता सुळसुळ फिरू लागला आणि यंत्राने निकाल दिला, घोळ ताकासारखा पातळ. नेमक्या त्याच दिवशी माल घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाई आलेल्या, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क. त्यांच्यादेखत आपली चूक असेल असं मनात तरी येईल का? मी मल्लाप्पांकडे बोट दाखवलं. (मल्लाप्पा म्हणजे घोळ कालवणारे. जेवताना रोज मला स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी वाढतात.) यांनी पाणी जास्त ओतलं, म्हणालो. यंत्र खोटं बोलत नाही, असंही वर म्हणालो. मल्लाप्पांना मराठी येत नाही, हिंदीही बेताचीच, पण बोट कळतं. ते भांड्याकडे बघत उभे राहिले. साहेबांनी त्यांना घरी जायला सांगितलं.

बाईंनी दांडा काढला, चाचपला, वास घेतला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "साजूक आहे. घरचं का?" आणि मास्क काढला. आत्या, तू पाठवलेल्या फोटोतली प्रणिता! रविवारी जिला बघायला मी तुझ्याकडे येणार, तीच! दांडा साबणाने धुऊन पुन्हा मोजलं, तर घोळ अगदी हवा तसा. साहेब हसले, बाकीचे हसले, ती हसली नाही. मल्लाप्पांना परत बोलावणं धाडलं, पण आज ते आलेच नाहीत. डबा एकट्याने खाल्ला. मला इतकी लाज जन्मात वाटली नव्हती. तूप हसण्यावारी गेलं गं, पण ते बोट काही जात नाही.

तुझा (अजून म्हणवून घेत असशील तर) भाचा,
सुमंत

ता. क. मला ताप आलाय असं प्रणिताकडच्यांना कळव आणि रविवार रद्द कर.

ता. क. दुसरा. कळवू नकोस. आत्ताच प्रणिताचा निरोप आला. ती येणार आहे, पण मल्लाप्पांनाही बोलवा म्हणते, ते आले तरच पोह्यांना हात लावीन.

ता. क. तिसरा. खरं म्हणजे माझ्या वतीने मल्लाप्पांना तूच फोन करावास, तुझं कन्नड चांगलं आहे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं. ते राहू दे, मीच त्यांच्या घरी निघालोय. पत्राचा फोटो काढून पाठवतो. फक्त कन्नडमध्ये 'माझं चुकलं' कसं म्हणतात ते लगेच कळव. मला नुसतं 'स्वल्प' येतं, आणि 'थोडंसं' चुकलं म्हणून इथे चालायचं नाही.