दोन मापांचे कप्पे

३ मार्च
नवी नोकरी, नवं घर, आणि साहेब चक्क हसतात! आमच्या प्रयोगशाळेत जाड, खोल आवाज गिळणाऱ्या फळ्या बनतात. बाहेरून साधी फळी. आत शेकडो पोकळ कप्पे, प्रत्येकाला बारीक तोंड. ज्या आवाजाच्या मापाचा कप्पा, तोच आवाज आत शिरून विरतो. मोजणीवाले काका प्रेमळ, पण नियमाला कडक. आवाज नोंदवताना खोलीत माशीसुद्धा नको, असं त्यांनी तीनदा बजावलं. मी मान डोलावली.

घरामागे बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या घरघरीने आमची चार वर्षांची चिमणी दुपारी झोपतच नाही. बायको म्हणाली, जगाचे आवाज गिळतोस, घरचा कधी?

९ मार्च
सुट्टी. घरघर नोंदवायला माईक घरी आणला, तर चिमणी नेमकी माझ्या छातीवर झोपली. आठवड्यात पहिल्यांदाच! उठवायचं जिवावर आलं. तशीच नोंद केली. काकांना काय कळणार आहे?

१७ मार्च
फळ्या पलंगामागे चिकटवल्या. कप्पे यंत्राने नोंदीवरून आपोआप आखले. घरघरीच्या मापाशिवाय आणखी दोन मापं निघाली, पण मी खोलात गेलो नाही. घरघर साफ बंद! चिमणी तीन तास झोपली. बायकोने मला आयता चहा दिला, म्हणजे बघा.

१९ मार्च
चिमणी मलूल आहे. जिन्यात मध्येच बसली. मलाही जिना जड गेला. वय झालं म्हणून हसलो. डॉक्टर घरी आले. तिच्या छातीला नळी लावली, मग नळी बदलून पाहिली. ठोका ऐकूच येत नाही म्हणाले.

२० मार्च
काकांना नोंद दाखवली. घरघरीखाली दोन ठोके निघाले, एक जलद, एक संथ. खोलीत कोण होतं, असं त्यांनी विचारलं. चिमणी, आणि तिच्याखाली मी. लहान कप्पे तिच्या ठोक्याचे. मोठे माझ्या ठोक्याचे.

२१ मार्च
बायकोने तिला दवाखान्यात नेलं. तिथेही ठोके गळतायत. फळ्या इथे, ती तिथे, तरीही. एका फळीवर हातोडा घातला, तर फोनवर बायको किंचाळली. चिमणीचा ठोकाच क्षणभर थांबला होता. फोडताही येत नाही. तेव्हा पाच मिनिटांची झोप मोडली असती तर! देवा, चूक माझी, मला धर.

२२ मार्च, सकाळ
काका म्हणाले, तोंडं मेणाने बुजव, एकेक. आधी लहान. दीडशे झाले. धाप लागतेय—

दुपार
फोन चालूच. बायको ठोके मोजून सांगतेय. वाढतायत. माझी बोटं बधिर— मेण थोडंच उरलंय. मोठ्यांना पुरणार नाही— नाही तर नाही. आधी तिचे.

शेवटचा लहान बुजवला. चिमणी रडतेय— मोठ्याने, खणखणीत! बाबा कुठे विचारतेय. बायकोला म्हणतोय, सांग तिला, मोठे कप्पे तेवढे बुजवतो आणि लगेच—