मनात काही नाही हं

प्रिय आत्या,

रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थनासभा आहे. पाळकसाहेब म्हणाले, "घरात पदवीधर तू एकटीच. आत्याविषयी तूच बोल." दुपारपासून कागद पुढे घेऊन बसलेय. 'माझी आत्या मोठ्या मनाची होती' एवढं लिहिलं आणि खोडलं. जे तुझ्या तोंडावर म्हटलं नसतं, ते तुझ्यामागे कसं म्हणू? दमलेय गं. म्हणून आधी तुलाच लिहिते.

आठवतं? संडे स्कूलमध्ये तू मातीचं बोळकं चांदीचा रंग लावून आणलं होतंस. आम्ही पोरं हरखून गेलो. मग तू नखाने तो रंग खरवडलास. खाली माती! "ओठांवर गोड आणि मनात वाईट, तो माणूस असा असतो," म्हणालीस. "देव वरचा रंग बघत नाही."

मग तूच तशी का वागायचीस?

मला वाघोलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा सगळ्यांदेखत माझ्या तोंडात पेढा कोंबलास. "आमची वाघीण!" आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात बाबांना म्हणालीस, "पोर नाजूक आहे रे. स्वारगेटहून इतक्या लांब, त्या गर्दीत... उद्या कुणी काही बोललं तर? मनात काही नाही हं माझ्या. काळजीपोटी बोलते." मी मोरीत भांडी घासत होते. सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कॉलेजला नाही म्हटलं. आई भांडली म्हणून मी शिकले. पण कितीतरी दिवस त्या दोघांत बोलणं नव्हतं, आणि दोघांना वेगवेगळा चहा नेऊन द्यायचीस तू!

आईच्या भाजीला नावं ठेवलीस, तरी शेवटी तेच. 'मनात काही नाही हं.' आधी चिमटा, मग हं.

तुझं हृदय आकाराने वाढलंय, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू नर्सला काय सांगितलंस! "बघा, मोठ्या मनाची आहे मी. डॉक्टरांनीच लिहून दिलंय." आई कोरडेपणाने म्हणाली, "वन्सं, त्याला आजार म्हणतात." सगळ्यांत जोरात हसलीस ती तूच.

तिथेच तुझ्या खाटेशेजारी मी शेवटच्या वर्षाचा अभ्यास करायची. मराठेशाहीतला न्याय वाचत होते. तू विचारलंस, "काय गं एवढं?" मी सांगितलं, शपथ घेताना माणूस हातात बेलभंडार घ्यायचा. बेलाचं पान आणि भंडारा.

"आणि हातात पान, पण मनात खोटं असलं तर?"

"ते परीक्षेला नाही, आत्या."

तू कूस बदललीस. मग म्हणालीस, "तू कॉलेजला गेलीस, तर दुपारी माझ्याशी बोलणार कोण होतं?"

पुढे हं नव्हतं. पहिल्यांदाच! मी मान वर केली, तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि तू घाईने म्हणालीस, "गंमत केली हं पोरीची."

आतोबा गेल्यावर तू आमच्याकडे राहायला आलीस. आई-बाबा कामावर, दिवसभर घरात तू आणि मी. मला हे कळायला हवं होतं का? की तू सांगायला हवं होतंस? तेवढं एकच वाक्य, त्या संध्याकाळी, बाबांसमोर! मी रडले असते, तरी कॉलेजला गेलेच असते. पण बसमधून उतरून रोज आधी तुझ्याजवळ येऊन बसले असते.

मघाशी आई येऊन म्हणाली, "चांगलंच बोल हं." आणि आपलंच हं ऐकून तिने जीभ चावली. सगळ्यांत जास्त चिमटे तिनेच सोसलेत.

आत्या, तुला मी रंग लावणार नाही. रविवारी तुझं ते बिनहंचं वाक्य सांगेन. तू एकटी पडली होतीस आणि ते सांगायची तुला लाज वाटायची, हे सांगेन. बाबाही ऐकतील. आणि कुणी विचारलंच, तर खरं तेच सांगेन. माझ्या मनात आहे. राग आहे, आणि तूही आहेस.

तुझी,
वाघीण